दारातूनच परत

परभणीतल्या त्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात वरच्या मजल्यावर ज्या खाटा होत्या, त्यांना सगळे ‘उसाच्या खाटा’ म्हणत. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागायचे आणि एरवी गावाहून एसटीने ये-जा करणाऱ्या त्यांच्या मुली उन्हाळ्यापर्यंत या खाटांवर मुक्कामाला यायच्या. राहणं-जेवण संस्थेकडे. अट एकच, आईबापाची संमती दसऱ्याच्या आत पोचली पाहिजे. नाही पोचली तर खाट दुसरीला. आणि खाट गेली की त्या मुलीचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. ती आईबापामागं उसाच्या फडात जाणार, नाहीतर घाईघाईत लग्न लावून नवऱ्याबरोबर फडात जाणार. ऊसतोडीला एकटा माणूस कोणी घेत नाही, नवराबायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. त्यामुळे दिवाळीनंतरची कितीतरी लग्नं ही लग्नं नसतातच, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा कोयता पुरा करायचा असतो.

कावेरीबाई या वसतिगृहाच्या रेक्टर. तोंडाच्या फटकळ, शिस्तीच्या कडक, आणि मुलींसाठी कोणाशीही भांडायला पदर खोचून तयार. मुली त्यांना टरकून असत. आईबाप मात्र त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकत. बाई म्हणाल्या ना, मग झालं. या विश्वासाचा बाईंना मनातून फार अभिमान होता.

गेल्या वर्षी वसतिगृहातल्या मुलींना एक मेल आली. वर संस्थेचं नाव, संस्थेचं बोधचिन्ह, खाली अध्यक्ष अण्णासाहेबांची सहीसुद्धा. शिष्यवृत्ती जमा व्हायची असेल तर बँकेची माहिती आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कळवा, असा मजकूर. भोळ्या मुली, त्यांनी कळवला. उत्तरा नावाच्या मुलीचं खातं त्याच दुपारी धुऊन निघालं. तिने जेवण सोडलं, मग तिचा मामा येऊन तिला घेऊन गेला, ती काही परत आली नाही. पोलिसांनी अर्ज घेतला, चहा पाजला आणि विषय संपवला. कावेरीबाईंच्या मस्तकात जी तिडीक गेली ती मात्र उतरेना. त्या तडक संस्थेच्या कार्यालयात गेल्या आणि शंतनुच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

शंतनु संस्थेच्या सगळ्या कॉलेजांची मेल सांभाळायचा. पुण्यात बरी नोकरी होती, आईच्या आजारपणामुळे परभणीला परतलेला. मुलगा शांत, आणि विचारलं तर नीट समजावून सांगणारा. त्यानं बाईंना खुर्ची दिली.

“मॅडम, बदमाश पत्त्यांच्या काळ्या याद्या असतात. त्या बनवणारे लोक वेगळे, आपण फक्त आपल्या सर्व्हरला सांगायचं की यादीतल्या कोणाचं काही आलं तर घेऊ नको. त्यातली एक यादी मवाळ आहे. नेमका चोर धरते. बाकी कशाचा संशय आला तर ती मेल आपण बाजूला ठेवून नंतर बघू शकतो. दुसरी फार कडक. एका घरात चोर सापडला की ती अख्खी गल्ली बंद करते. बाजूला वगैरे ठेवायचं नाही, दारातूनच परत.”

“मग कडकच लाव.”

“तिच्यात चांगल्या माणसांची मेलही अडकते. शेजारी चोर निघाला यात त्यांचा काय दोष?”

“चोराशेजारी राहायचंच कशाला? घर बदला म्हणावं.”

शंतनु हसला. “यादी बनवणारेही अगदी हेच म्हणतात, मॅडम. गल्लीला त्रास झाला की गल्लीच चोराला हाकलून देईल, असा त्यांचा हिशेब आहे. पण आपल्याकडे लोक स्वस्तात मिळेल तिथं राहतात. गल्लीत कोण आहे ते त्यांना ठाऊकही नसतं.”

“आणि परत गेलेली मेल ज्याची असेल, त्याला कळतं की नाही?”

“कळतं. परत आल्याचा निरोप जातो.”

“मग झालं तर! ज्याला गरज असेल तो दुसरी वाट काढील. माझी आणखी एक उत्तरा जायला नको.”

अण्णासाहेबांनी बाईंकडून तसं लिहून घेतलं, कारण अण्णासाहेब लिहून घेतल्याशिवाय पंखासुद्धा बदलत नसत. कडक यादी लागली. तेवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. त्यांनी मुलींना सभागृहात बसवून दम भरला. मोबाइलवरून मेल उघडायची नाही, पाठवायची नाही. यंदापासून संस्था कागदमुक्त झाली आहे, संमतीसुद्धा मेलनेच येणार, तर ती गावाजवळच्या सेवा केंद्रातूनच पाठवा. ताडकळसच्या बाजूच्या मुलींनी पप्पूकडे जावं, तो भरवशाचा आहे.

पप्पू भरवशाचा होता यात शंका नाही. बाजाराच्या दिवशी त्याच्या केंद्रापुढे मोटारसायकलींची रांग लागायची. पीकविमा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, कोणताही फॉर्म असो, त्यात ‘ई-मेल’ असा रकाना दिसला की पप्पू आपलाच पत्ता ठोकून द्यायचा. त्या भागातल्या अर्ध्या गावांचा मेलचा पत्ता एकच, पप्पूचा. कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. पत्रं नाही का किराणा दुकानाच्या पत्त्यावर येत? पप्पूनं हौसेनं केंद्राच्या नावानं स्वतःचा खास पत्ता घेतला होता, कुठल्याशा स्वस्तातल्या कंपनीकडून. मेल पाठवली की पडद्यावर ‘पाठवले’ असं यायचं, त्याचा तो प्रिंट काढायचा आणि त्यावर केंद्राचा गोल शिक्का दणकन मारायचा. शिक्का पडला की माणूस निश्चिंत मनानं घरी.

वैजीनाथ आणि कडूबाईची थोरली पंकजा याच भागातली. गेल्या हंगामात ती उसाच्या खाटेवर राहून अकरावी सायन्स झाली होती. लहानपणी फडातच दोन वर्षं वाया गेल्यामुळे वर्गातल्या इतर मुलींपेक्षा मोठी. डोक्याला टॉवेल गुंडाळून जिन्याच्या वळणावर वाचत बसायची, कारण तिथला दिवा वॉर्डनसुद्धा बंद करत नसे. तिला नर्सिंगला जायचं होतं. कावेरीबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की बाईंच्या आधी तिच्या लक्षात यायचं. बाईंनी कोणाला लळा लावू नये असं ठरवलं होतं, पण या मुलीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

गणपतीच्या दिवसांत पंकजा कॉलेज सुटल्यावर वसतिगृहात डोकावली. तोंड उतरलेलं होतं.

“बाई, घरी पाहुणे यायलेत. टोळीतलंच पोरगं हाय. दादा म्हणायलेत, यंदा खाट मिळाली तर शिक, न्हाई तर लगीन.”

“खाट मिळाली तर म्हणजे? मिळणारच. तू संमती पाठव. मग बघते कोण लग्न लावतं ते.”

पंकजाने आठ दिवस दादांची, म्हणजे बापाची, मनधरणी केली. वैजीनाथ मनाचा वाईट नव्हता. त्यानं संमतीवर सही केली आणि तो दुसऱ्याच्या सोयाबीनच्या काढणीला निघून गेला. पंकजा एकटीच ताडकळसला गेली, पप्पूच्या रांगेत उभी राहिली, मेल पाठवून शिक्क्याचा कागद घेऊन आली. मग तीही आईबरोबर काढणीच्या मजुरीला गेली आणि तेवढे दिवस कॉलेज बुडालं.

इकडे कावेरीबाई रोज वसतिगृहाची मेल उघडून बघत होत्या. पंकजाचं काही येईना. एकदा त्यांनी वैजीनाथचा नंबर लावला, तो बंद. दुसऱ्यांदा लावायचा त्यांना राग आला. या मुलीसाठी मी एवढं करायचं आणि हिला साधी एक संमती पाठवता येईना? जीव लावलेल्या माणसाचं लागतं ते असंच लागतं. मुदत संपली, खाटांची यादी तयार झाली, पंकजाची खाट पालमच्या एका मुलीला गेली. ती मुलगीही गरजूच होती, त्यामुळे बाईंना टोचणीसुद्धा लागली नाही.

खाटांची यादी लागली त्या दिवशी बापलेक फाटकात उभे. वैजीनाथनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला होता.

“बाई, पोरीचं नाव न्हाई म्हणं.”

“संमती आली नाही तर नाव कसं असेल?”

“बाई, म्या पाठवलं होतं,” पंकजा म्हणाली. “पप्पूभाऊकडून. हे बघा की.” तिनं शिक्क्याचा कागद पुढे केला.

बाईंनी तो हातातसुद्धा घेतला नाही. असले शिक्के त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. फी भरल्याचे, अर्ज दिल्याचे, आजारी असल्याचे. आणि मुली वेळ चुकली की काय काय रचतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. शिवाय आता तर पक्की व्यवस्था होती. खोटं आत येत नव्हतं, तेव्हा खरं ते येतच असणार.

“पंकजा, पाठवलं असतं तर आलं असतं. तू पाठवलंच नाहीस. निदान बापासमोर तरी खोटं बोलू नकोस.”

पंकजाने तो कागद पुन्हा पुढे केला, पण बापानेच तिचा दंड धरला.

“बाई म्हणायल्यात म्हंजे तसंच आसंल. चल.”

वैजीनाथनं बाईंना हात जोडले आणि लेकीला घेऊन तो स्टँडच्या दिशेनं निघाला. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, आणि त्याच आठवड्यात गावातल्या मारुतीच्या पारावर पंकजाचंही लागलं. दुसऱ्याच दिवशी ट्रक भरला. बाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला पोरीने.” त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, पण शब्द त्यांनी हेच वापरले.

संस्थेत मात्र आनंदीआनंद होता. शंतनुच्या अहवालात फालतू मेल जवळजवळ बंद झाल्याचं होतं आणि तक्रारींच्या पुढे शून्य होतं. अण्णासाहेबांनी तो अहवाल बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला आणि कावेरीबाईंचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. बाईंनीही मान तुकवून त्या घेतल्या.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पप्पू मोटारसायकलवरून वसतिगृहात येऊन थडकला. बाई पूजा आटोपून नुकत्याच बाहेर आल्या होत्या.

“मॅडम, तुमची काय दुश्मनी हाय का माझ्याशी?”

“अरे, आवाज खाली. काय झालं?”

“ह्या साली माझ्याकडून पाठवलेली एक बी पोरगी तुमी घेतली न्हाई. एक बी! बायका बाजारात माझ्या नावानं बोटं मोडायल्यात. म्हणतेत, पप्पू पैसे घेतो आन् काम करत न्हाई. मॅडम, म्या सगळ्यांच्या पाठवल्यात. तुमाला मेल करून करून बेजार झालो, तुमी जवाब बी देईना. म्हणून आलो.”

“मला तुझी एकही मेल नाही मिळाली.”

“मग त्या कुठं गेल्या?”

एक मुलगी खोटं बोलेल. सगळ्या कशा बोलतील? त्या पप्पूला तसाच घेऊन शंतनुकडे गेल्या.

शंतनुनं सर्व्हरची नोंद उघडली, पप्पूचा पत्ता टाकला आणि पडदा ओळींनी भरला.

“आल्या होत्या,” तो म्हणाला. “सगळ्या मुदतीच्या आत आल्या होत्या.”

“पंकजाची?”

“तिची सगळ्यात आधी.” त्याचा चेहरा उतरला होता. “ज्या सर्व्हरवर पप्पूभाऊंचा पत्ता आहे, तिथूनच कोणीतरी खोटी औषधं विकत होतं. यादीनं अख्खा सर्व्हरच काळा केला. आपल्या दाराशी आल्या आणि परत गेल्या. यादीचं काही चुकलं नाही, मॅडम. तिला सांगितलं होतं तेच तिनं केलं.”

“आणि परत आल्याचा निरोप?”

दोघांनी पप्पूकडे पाहिलं. पप्पू खजील झाला. “आलते की इंग्रजीतले. पीकविम्याच्या दिवसांत मला रोज शेकड्यानं मेल येतेत, मॅडम. मला वाटलं, पोचल्याचाच निरोप हाय.”

“आणि तुझ्या अहवालातलं ते शून्य?” बाईंनी शंतनुला विचारलं. “तक्रार करायची कुठे असते रे?”

“तक्रारीच्या पत्त्यावर.” तो खाली बघत होता. “मेलनं.”

बाईंनी अण्णासाहेबांना बैठक घ्यायला लावली. त्या तावातावाने बोलल्या. ही यादी आजच्या आज काढा, मवाळ लावा, थोडा कचरा आत आला तर येऊ द्या, मी स्वतः बसून तो निवडीन. शंतनुनंही त्यांची बाजू घेतली. अण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पान जमवलं आणि एक कोरा कागद बाईंच्या पुढे सरकवला.

“कावेरीबाई, यादी तुमच्याच सांगण्यावरून लावली. काढायचीही तुमच्या सांगण्यावरून काढू. फक्त लिहून द्या, उद्या पुन्हा एखाद्या मुलीला खोट्या मेलनं लुबाडलं तर जिम्मेदारी तुमची.”

बाईंनी पेन उचललं. त्या क्षणी त्यांना उत्तरा दिसली. मामाच्या मागून फाटकातून जाताना तिनं मागे वळून पाहिलं नव्हतं, ते दिसलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. ज्या बाई कोणाच्या बापाला भीत नव्हत्या, त्या एका सहीला भ्यायल्या. त्यांनी कागद हळूच परत सरकवला. पप्पूच्या पत्त्याला तेवढी सूट द्यायची असं ठरलं. यादी राहिली. बाकीच्या तालुक्यांतल्या पप्पूंचं काय, हे कोणी विचारलं नाही. बाईंनीही नाही. चहा आला, बैठक संपली.

पप्पूनं खटपट करून मुकादमाचा नंबर मिळवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी, टोळी भाकरी खायला बसली असेल असा अंदाज करून बाईंनी फोन लावला. मुकादमानं कुरकुरत पंकजाला हाक मारली.

“पंकजा, मी बोलतेय. कावेरीबाई.”

पलीकडे वाऱ्याची घरघर होती. त्यातून ती म्हणाली, “बोला बाई.” पूर्वी तिचा आवाज असा नव्हता. तो कोणाचाही असू शकला असता.

“तुझी मेल आली होती ग. मुदतीच्या आत आली होती. आमच्याच मशीननं ती दारातून परत पाठवली. तू खरं बोलत होतीस.”

बाई घाईघाईनं बोलत सुटल्या. खाट नाही, पण माझ्या खोलीत राहा. बारावीचा फॉर्म भरलेला आहेच, परीक्षेला वेळ आहे. मी तुझ्या सासरच्यांशी बोलते, गरज पडली तर तिकडे येते.

“आता कसं येऊ, बाई?” पंकजा समजावल्यासारखी म्हणाली. “म्या निघाले तर कोयता मोडतो. ह्येंना एकट्याला कोण ठेवून घेईल? घरचे बी सोडणार न्हाईत.” मग ती म्हणाली, “बाई, तुमाला एक काम सांगू का? आमच्या दादांना सांगा हे. इथंच हायेत, दुसऱ्या सरीला. तेंना आजून वाटतं, म्या पप्पूकडं गेलेच न्हाई, शिक्का कुठून तरी मारून आणला. त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत न्हाईत. तुमी सांगितलं तर तेंना पटंल.”

बाई हो म्हणाल्या. तिनं बापाला हाक मारलेली फोनमध्ये ऐकू आली. त्या हाकेत मात्र जुनी पंकजा होती.

“राम राम बाई,” वैजीनाथ धापा टाकत म्हणाला.

बाईंनी त्यालाही सगळं सांगितलं. मशीन, यादी, पप्पूची गल्ली. अर्धं त्याला कळलं नसावं. पण जे कळायचं ते कळलं.

“म्हंजे पोरीनं पाठवलं होतं.”

“हो, वैजीनाथ.”

“आन् ते तुमच्यापोतर आलं न्हाई.”

“नाही आलं. मला खरंच माहीत नव्हतं.”

बाईंना वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मग त्या दिवशी तुमी ‘मला ठावं न्हाई’ आसं कामून म्हणला न्हाईत, बाई?” वैजीनाथ म्हणाला. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. “‘पाठवलंच न्हाई’ म्हणलात. म्या माझ्या लेकीला खोटी धरलं आन् तुमाला खरं धरलं. लगीन बी तेच्यावरच लावलं.”

पलीकडून मुकादम ओरडत होता की भाकरीची सुट्टी संपली, चला, उठा.